शांतता समितीत स्त्रिया का नाहीत?

१७ मार्च २०२५ च्या सायंकाळी नागपूरच्या महाल भागात दगडफेक सुरू झाली आणि रात्र पडेपर्यंत तिचे लोण हंसापुरीपर्यंत पोहोचले. खुलताबाद येथील औरंगजेबाची कबर हटवावी, या मागणीसाठी त्या दिवशी निदर्शने झाली होती. त्या वेळी पवित्र वचने लिहिलेली चादर जाळण्यात आली, अशी वार्ता समाजमाध्यमांतून शहरभर फिरली. ती अफवा असल्याचा खुलासा झाला. परंतु खुलासा पोहोचेपर्यंत वाहने पेटलेली होती. अनेक पोलीस व नागरिक जखमी झाले, जखमींपैकी एका गृहस्थाचे पुढे निधन झाले, आणि कोतवाली, गणेशपेठ, तहसील, पाचपावली आदी ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी पुकारावी लागली. ती संपूर्ण उठावयास सुमारे सहा दिवस लागले. याच महाल भागाने १९२७ च्या सप्टेंबरातही दंगल पाहिली होती. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांत शहराचे रूप पार पालटले. दंगलीची रीत मात्र फारशी बदलली नाही. आधी वदंता, मग जमाव, मग संचारबंदी आणि सरतेशेवटी शांतता समितीची बैठक, हा क्रम आपल्या चांगला परिचयाचा आहे.

खापरखेडा नागपूरपासून तासाभराच्या आत गाठता येते. १,३४० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र आणि आसपासच्या कोळसा खाणी यांमुळे येथे निरनिराळ्या प्रांतांतील, जातींतील आणि धर्मांतील माणसे पोटासाठी एकत्र आली आहेत. त्या आठवड्यात येथे दगड उचलला गेला नाही. तरीही नागपुरास रोज ये-जा करणाऱ्या मुली घरी बसल्या, शहरातून माल आणणारे किरकोळ विक्रेते अडकून पडले, आणि गल्लीगल्लीत लोक एकमेकांकडे अंमळ निराळ्या नजरेने पाहू लागले. त्यानंतर काही दिवसांनी परिसरातील एका शांतता समितीच्या बैठकीस महाविद्यालयाच्या वतीने उपस्थित राहण्याचा योग मला आला. अधिकारी, पक्षांचे स्थानिक पुढारी, उत्सव मंडळांचे पदाधिकारी, मशिदीचे व विहाराचे विश्वस्त, व्यापारी, सारे सन्मान्य गृहस्थ जमले होते. बंधुभावावर भाषणे झाली आणि ती मनापासून झाली. चाळीसएक उपस्थितांत स्त्री मी एकटीच होते. समारोपाच्या वेळी आभारप्रदर्शनाचे काम माझ्याकडे सोपविण्यात आले.

आभार मानण्यास उभी राहिले तेव्हा एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. त्या आठवड्यात आमच्या वस्त्यांत शांतता ज्यांनी राखली, त्यांच्यापैकी फार थोडी माणसे त्या सभागृहात होती. भ्रमणध्वनीवर आलेली चित्रफीत पाहून तरुण मुले चौकात जमू लागली, तेव्हा त्यांना हाताला धरून घरात नेणाऱ्या त्यांच्या आया होत्या. महालात राहणाऱ्या बहिणीला दूरध्वनी करून खरे काय घडले ते विचारणारी आणि ते शेजारणीच्या दारात जाऊन सांगणारी एक गृहिणी होती. रमजानचा महिना असल्याने संध्याकाळी दूध, फळे लागणार, हे ओळखून पलीकडच्या गल्लीतून ती आणून देणारी दुसरी कोणी होती. या स्त्रियांची नावे कोणत्याही समितीच्या यादीत नाहीत. शांतता राखण्याचे काम त्या करतात, शांततेविषयी बोलण्याचा अधिकार मात्र दुसऱ्यांकडे असतो. ही विसंगती केवळ न्यायाच्या दृष्टीने खटकणारी नाही; ती व्यवहाराच्या दृष्टीनेही हानिकारक आहे, असे माझे मत आहे.

दंगलीचा हिशेब कोण चुकविते?

दंगलीनंतर नुकसानीचा पंचनामा होतो. जळालेली वाहने, फुटलेली दुकाने, सार्वजनिक मालमत्तेची हानी यांची रुपयांत मोजदाद होते. परंतु ज्या हानीची पावती नसते ती पंचनाम्यात येत नाही. संचारबंदीच्या सहा दिवसांत हातगाडीवाल्याची सहा दिवसांची कमाई बुडते. ती भरून काढण्यासाठी त्याच्या घरातील स्त्री हातउसने पैसे घेते, भिशीची पाळी मागून घेते, डब्यातले धान्य पुरवून वापरते, नाहीतर कानातले गहाण टाकते. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे खाडे होतात. घरी बसून शिवणकाम करणारीला कापड पोहोचत नाही आणि तयार माल घेऊन जाणारा येत नाही. मुलीची शाळा एकदा सुटली की ती पुन्हा सुरू होईलच याची शाश्वती नसते. ‘दिवस बरे नाहीत’ हे कारण पुढे करून तिचे शिक्षण थांबविणे सोपे जाते. दंगलीचा कर घरोघर वसूल होतो आणि तो भरण्याची जबाबदारी बहुधा स्त्रीवर येऊन पडते.

याहून मोठे नुकसान विश्वासाचे. विश्वास हे आर्थिक व्यवहाराचे वंगण आहे, अशा आशयाचे प्रतिपादन नोबेल पारितोषिकाचे मानकरी केनेथ अ‍ॅरो यांनी केले होते. आमच्या बाजारात त्याचा प्रत्यय रोज येतो. किराणा दुकानदार उधारीची वही कोणासाठी उघडतो, शेजारीण कोणाच्या भरवशावर लेकरू सोडून कामाला जाते, सणाच्या तोंडावर कोणाकडून कापड उचलले जाते, हे सारे करारनाम्यावाचून चालते. दंगल झाली की या व्यवहारांच्या वाटा आखूड होतात. माणसे आपल्याच धर्माच्या दुकानात जाऊ लागतात, आपल्याच वस्तीत घर शोधतात. दुकानदाराचे गिऱ्हाईक घटते आणि गिऱ्हाइकाला निवड उरत नाही. गरिबाला याचा फटका अधिक बसतो, कारण त्याची पत ओळखीवरच उभी असते.

स्त्री स्वभावतः शांतिप्रिय असते काय?

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. स्त्री ही मातृहृदयी, म्हणून ती शांततेची देवता, अशा भाबड्या विचारावर माझा युक्तिवाद उभा नाही. अनुभव तसे सांगत नाही. १९९२-९३ च्या मुंबईत जमावांत स्त्रियाही होत्या, काहींनी रस्ते अडविले, काहींनी आपल्या मुलाबाळांना चिथावणी दिली, हे अभ्यासकांनी नोंदलेले आहे. द्वेषाचे संस्कारही घरातच होतात आणि ते करण्यात स्त्रियांचा वाटा असतो. ‘त्यांच्याकडचे पाणी पिऊ नकोस’ हे वाक्य मुलाने पहिल्यांदा बहुधा आईच्या नाहीतर आजीच्या तोंडून ऐकलेले असते.

स्त्रियांकडे पाहावयाचे ते त्यांच्या स्वभावामुळे नव्हे, त्यांच्या व्यवहारातील स्थानामुळे. पाण्याचा नळ, रास्त धान्याचे दुकान, शाळेचे फाटक, अंगणवाडी, सरकारी दवाखाना, आठवडी बाजार या ठिकाणी निरनिराळ्या समाजांतील माणसे रोज भेटतात, आणि तेथे येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. अफवा आधी त्यांच्या कानी येते, आणि ती खरी की खोटी हे पडताळण्याची सोयही त्यांच्याजवळ असते. कोणत्या घरातला मुलगा काही दिवसांपासून नव्या संगतीत आहे, कोणाकडे कर्जवसुलीचा तगादा लागला आहे, कोणत्या गल्लीत कुरबुर वाढते आहे, हे ठाणेदाराला कळण्याच्या कितीतरी आधी त्यांना कळलेले असते. असे ज्ञान असलेल्या माणसाला बैठकीबाहेर ठेवणे म्हणजे विहिरीचे पाणी मोजावयाचे आणि पाणी भरणाऱ्यांना विचारावयाचे नाही, असे आहे.

तथापि नुसता शेजारधर्म पुरेसा नाही. आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ व कालिकत, हैदराबाद व लखनौ, अहमदाबाद व सुरत अशा शहरांच्या जोड्यांचा तुलनात्मक अभ्यास करून २००२ साली प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, हिंदू-मुसलमानांचे दैनंदिन संबंध लहान गावात शांतता टिकविण्यास पुरे पडतात. मोठ्या शहरात मात्र त्यांना संस्थांचे, म्हणजे संयुक्त संघटना, व्यापारी संघ, कामगार संघ, मंडळे यांचे अधिष्ठान लागते. ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यांची देवघेव प्रेमाची खरी, पण जमाव चालून येतो त्या रात्री ती अपुरी पडते. त्या रात्री लागते ती परस्परांच्या हितसंबंधांत गुंतलेली, एकमेकांना नावानिशी ओळखणारी आणि एकत्र निर्णय घेण्याची सवय असलेली संघटना.

गिरणी गेली, चावडी ओस पडली

नागपुरात अशा संस्था एके काळी होत्या. टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये निरनिराळ्या जातिधर्मांचे कामगार एकाच भोंग्यावर कामाला येत. कोष्टी आणि मोमीन हे येथील दोन मोठे विणकर समाज; धर्म निराळे, माग एकच. दोन्हीकडच्या घरांत पुरुष मागावर बसे आणि स्त्री कांड्या भरी. सुताचा भाव चढला की दोन्ही चुली सारख्याच मंदावत. आमच्यापासून जवळच असलेल्या कामठीत बाबू हरदास (१९०४-१९३९) यांनी विडी कामगारांचे संघटन केले. विडी वळण्याच्या धंद्यात स्त्रियांचा भरणा मोठा. तेंदूपान भिजवून, कापून, तंबाखू भरून हजारी मोजून देणे हे काम हिंदू, बौद्ध आणि मुसलमान घरांत सारख्याच पद्धतीने चाले. ठेकेदाराने छाट काढून पैसे कापले की संताप सर्वांना सारखाच येई.

ही व्यवस्था आदर्श होती, असे कोणी समजू नये. गिरण्यांच्या नळावरही जात होती आणि १९२७ ची दंगल या गिरण्या भरात असतानाच झाली. परंतु वेगवेगळ्या समाजांतील माणसांना एका प्रश्नावर एकत्र बसण्याचे निमित्त या उद्योगांनी पुरविले, हे नाकारता येणार नाही. या शतकाच्या आरंभी एम्प्रेस मिल बंद पडली. हातमाग यंत्रमागापुढे टिकले नाहीत. कंत्राटी पद्धतीने कामगार संघटना पोखरल्या गेल्या. आमच्या भागातील विद्युत केंद्र आणि खाणी यांतही कायम कामगाराच्या जोडीला कंत्राटी कामगार आला आणि त्याला संघटनेचे छत्र सहसा लाभत नाही. पुरुषांच्या जीवनातील संमिश्र संस्था अशा रीतीने एकामागून एक लोपल्या. त्यांच्या जागी आली ती आपापल्या समाजाची मंडळे आणि आपापल्या समाजाचे भ्रमणध्वनीवरील गट. आजच्या शांतता समितीत बसणारे सद्गृहस्थ बव्हंशी अशा एकजातीय मंडळांचे प्रतिनिधी असतात. ते आपल्या समाजाच्या वतीने बोलतात. दोन समाजांमधील व्यवहाराच्या वतीने बोलणारे तेथे कोणी नसते.

भिवंडीचा धडा

समिती कशी असावी, याचा धडा महाराष्ट्रातच घालून दिलेला आहे. भिवंडी या यंत्रमागांच्या गावी १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापण्यास आरंभ केला. त्यांची संख्या पुढे सत्तरच्या आसपास गेली. नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी वस्तीतील सामान्य हिंदू-मुसलमान माणसे त्यांत घेण्यात आली, आणि सणावारापुरते न भेटता नियमित भेटण्याचा पायंडा पडला. बैठकीत पाण्याचे, कचऱ्याचे, किरकोळ भांडणांचे प्रश्न येत. पोलीस आणि नागरिक यांची ओळख अशा साध्या कामांतून झाली. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई पेटली आणि जानेवारी १९९३ मध्ये पुन्हा पेटली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने त्या दोन पर्वांत ९०० मृत्यूंची नोंद केली. पूर्वीचा इतिहास असूनही भिवंडी या वेळी शांत राहिली. खोपडे यांनी आपल्या पुस्तकाला ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे नाव दिले, ते यथार्थ होते.

मुंबईने हा धडा उशिरा गिरवला. १९९४ मध्ये तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. या तिघांतील बर्वे यांच्याकडे पोलिसी अधिकार नव्हता. दंगलग्रस्त वस्त्यांत जाऊन, दोन्ही बाजूंच्या माणसांचे ऐकून घेऊन, त्यांना पुन्हा समोरासमोर बसविणे हे त्यांचे काम. अधिकाराची खुर्ची असलेल्यांनी बोलाविल्यास लोक येतात खरे. पण आल्यावर मन मोकळे करण्यासाठी दुसऱ्या प्रकारचे माणूस लागते.

याच्याही आधी, १९८६ मध्ये, भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांनी ‘महिला मिलन’ ही संघटना उभारली होती. तिच्यात हिंदू होत्या, मुसलमान होत्या. झोपडे पाडावयास गाडी आली की ती धर्म विचारीत नाही, हे त्या जाणून होत्या. रोज रुपया-दोन रुपये गोळा करावयाचे, अडीनडीला आपापसांत कर्ज द्यावयाचे आणि घरासाठी महापालिकेशी बोलावयाचे, असा त्यांचा कार्यक्रम. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेल्या मोर्चांतही हेच दिसले होते. तेल आणि साखर यांच्या प्रश्नावर भिन्न पक्षांच्या व भिन्न धर्मांच्या स्त्रिया एका रांगेत चालल्या. समान अडचण हा एकोप्याचा पाया होऊ शकतो. मात्र त्या अडचणीवर एकत्र काम करण्याची व्यवस्था हवी.

सेवाग्रामची अम्तुस्सलाम

विदर्भाला तर या विषयात स्वतःची परंपरा आहे. पतियाळाकडील एका मुसलमान घराण्यातील बीबी अम्तुस्सलाम गांधीजींच्या आश्रमात आल्या आणि पुढे सेवाग्रामच्या झाल्या. १९४६ च्या अखेरीस नोआखालीत हिंदूंवर अत्याचार झाले तेव्हा त्या तेथे गेल्या. सिरंडी नावाच्या खेड्यात हिंदू घरांतून नेलेली शस्त्रे परत मिळावीत, म्हणून त्यांनी उपोषण आरंभिले. दोन तलवारी परत आल्या, तिसरी सापडेना. पंचविसाव्या दिवशी, २० जानेवारी १९४७ रोजी, गांधीजींच्या मध्यस्थीने गावातील मुसलमान प्रमुखांनी हिंदू शेजाऱ्यांच्या संरक्षणाची लेखी हमी दिली, तेव्हा त्यांनी उपोषण सोडले. यात त्यागाचा भाग आहेच, परंतु माझे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जाते. त्यांनी स्वतःच्या धर्माच्या माणसांकडून जाब मागितला, मागणी अगदी नेमकी ठेवली आणि शेवटी लेखी हमी घेतली. सदिच्छेच्या भाषणांनी भागत नाही, हे सेवाग्रामच्या या स्त्रीने पाऊणशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

आफ्रिकेतील अनुभव

आपल्यासारखेच दुभंगलेले समाज अन्यत्रही आहेत. नायजेरियात उत्तरेकडे मुसलमान आणि दक्षिणेकडे ख्रिस्ती यांचे प्राबल्य. मधल्या पट्ट्यात दोघेही आहेत आणि शेतजमीन, चराई, स्थानिक सत्ता यांवरून होणारी भांडणे तेथे धर्माचा वेष घेतात. कडुना शहरात २००० साली आणि जोस शहरात २००१ साली मोठा रक्तपात झाला. त्यानंतर कडुनात नदीच्या उत्तरेस मुसलमान आणि दक्षिणेस ख्रिस्ती अशी विभागणी अधिकच घट्ट झाली. ज्या शहराची वस्ती अशी फाटते, त्याचा बाजारही फाटतो. त्या देशात किरकोळ व्यापारावर स्त्रियांची मोठी पकड आहे. १९२९ साली करआकारणीच्या धास्तीने दक्षिण-पूर्वेकडील स्त्रियांनी इंग्रजांविरुद्ध जो उठाव केला, त्याचा निरोप बाजारांच्या जाळ्यातूनच गावोगाव गेला होता. कडुनात पुढे ख्रिस्ती व मुसलमान स्त्रियांच्या संघटनांनी एकत्र येऊन आंतरधर्मीय परिषद स्थापिली. नदीच्या दोन्ही काठांवर ओळख असलेल्या माणसांची तेथे गरज होती, आणि ती गरज त्यांनी ओळखली.

लायबेरियात २००३ मध्ये ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रिया पांढरी वस्त्रे नेसून मासळीबाजाराजवळच्या मैदानात दिवसेंदिवस बसल्या. वाटाघाटी रेंगाळू लागल्या तेव्हा त्यांच्यातील काहींनी घानातील अक्रा येथे जाऊन प्रतिनिधींची दारे अडविली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये करार झाला आणि २०११ मध्ये त्यांच्या नेत्या लेमा बोवी यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तर ३१ ऑक्टोबर २००० रोजीच ठराव क्रमांक १३२५ संमत करून शांततेच्या निर्णयप्रक्रियेत स्त्रियांना स्थान देण्याचे आवाहन केले होते. नायजेरियाने त्यासाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला. आराखडा झाला म्हणून तेथील हिंसा थांबली नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु ज्या खोलीत निर्णय होतो तेथे स्त्रियांनी बसले पाहिजे, एवढे तत्त्व तरी मान्य झाले. आमच्या ठाण्यातील बैठकीपर्यंत ते अजून पोहोचावयाचे आहे.

बचत गट: संधी आणि धोका

गिरणी आणि कामगार संघ यांनी रिकामी केलेली जागा भरून काढू शकेल, अशी एक संस्था आज महाराष्ट्रात आहे. ती म्हणजे स्त्रियांचे बचत गट. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांच्या आश्रयाने हे गट खेडोपाडी पोहोचले. नियमित बैठक, लेखी इतिवृत्त, हिशेबाची वही, सामूहिक हमी, बँकेशी व्यवहार या सर्व गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत. वार्ष्णेय यांना अभिप्रेत असलेली संघटना ती हीच.

पण यात एक धोका आहे आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. गट शेजारपाजारच्या दहा-बारा स्त्रियांचा असतो. आणि आपल्या वस्त्या जातींच्या नि धर्मांच्या असल्याने गटही बहुधा एकाच समाजाचा होतो. असा गट कर्ज फेडील, पापड-लोणची विकील, पण दोन समाजांमध्ये पूल बांधणार नाही. उद्या एखाद्या संघटनेने त्याला आपल्या प्रचाराचे साधन बनविले तर फूट वाढविण्याचे सामर्थ्यही त्याच्यात आहे. म्हणून गटाच्या पातळीवर जे सहज घडत नाही, ते ग्रामसंघ आणि प्रभागसंघ या वरच्या पातळीवर हेतुपूर्वक घडवून आणले पाहिजे. निरनिराळ्या वस्त्यांतील गटांनी मिळून मसाला कांडप, शिवण केंद्र, शाळेच्या आहाराचा पुरवठा असा एखादा सामाईक धंदा चालविला, तर त्यात दोन्हीकडचे भांडवल गुंतेल. ज्याचे भांडवल पलीकडच्या वस्तीत गुंतलेले आहे, तो त्या वस्तीला आग लागू देत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापिकेला मानवी चांगुलपणापेक्षा या नियमाचा भरवसा अधिक वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.

तीन सूचना

या विवेचनातून तीन सूचना पुढे येतात. पहिली, प्रत्येक पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात. पंचायत राज्य संस्थांत महाराष्ट्राने २०११ पासून स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या आहेत. रस्ता आणि पाणी यांविषयी जिचे मत आपण ग्राह्य धरतो, तिचे मत शांततेविषयी अग्राह्य का मानावे? ठाण्यांत महिला दक्षता समित्या आहेत, परंतु त्यांच्याकडे मुख्यत्वे नवराबायकोची भांडणे पाठविली जातात. घरातला तंटा स्त्रीने मिटवावा आणि गल्लीतला पुरुषाने, ही वाटणी कोणत्या तर्काने केली, हे समजत नाही. दुसरी, या प्रतिनिधी प्रभागसंघांनी आणि वस्त्यांनी निवडून द्याव्यात. नाहीतर पुढाऱ्यांच्या पत्नींची नावे यादीत येतील आणि बैठकीला त्यांचे पती येतील. सरपंच-पतींचा अनुभव आपण घेतलेला आहे. तिसरी, समितीने बारा महिने काम करावे. दर महिन्यास एकदा भेटावे, वस्तीच्या साध्या प्रश्नांपासून सुरुवात करावी, आणि अफवा पसरताच ती पडताळून दोन्ही वस्त्यांत एकच खुलासा देण्याची जबाबदारी सदस्यांत वाटून घ्यावी. दंगलीनंतर भरपाईच्या याद्या होतात तेव्हा घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियांच्या बुडालेल्या मजुरीची नोंद करण्याचे कामही याच समितीला द्यावे.

यावर काही आक्षेप घेतले जातील. रात्री नऊ वाजता बायका ठाण्यात कशा येणार, असे विचारले जाईल. त्याला उत्तर सोपे आहे: बैठक दुपारी चार वाजता आणि शाळेत घ्यावी. स्त्रियांवर आधीच कामाचा भार आहे, त्यात हा आणखी कशाला, हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्यही आहे. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या यांच्याबाबत आपण हेच केले. समाजाची सेवा म्हणून काम दिले आणि मोबदल्याच्या वेळी हात आखडता घेतला. शांततेचे काम स्त्रियांच्या गळ्यात फुकटात बांधण्याचा हा आणखी एक उद्योग ठरू नये. म्हणून बैठकीचा भत्ता, बुडालेल्या दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च यांची तरतूद हवी. संचारबंदीच्या एका दिवशी शासनाचा जो खर्च होतो, त्याच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक असेल. आणि जोडीला अधिकार हवा. निर्णय पुरुषांनी घ्यावा आणि समजूत स्त्रियांनी काढावी, एवढ्यापुरतेच त्यांना बोलाविणार असाल तर न बोलाविणे बरे.

स्त्रिया आल्या म्हणजे दंगली बंद होतील, असा माझा दावा नाही. दंगलीमागे राजकारण असते, बेकारी असते, जुनी वैरे असतात. प्रशासनाने कायद्याचा अंमल निःपक्षपातीपणे केला नाही तर कोणतीही समिती निरुपयोगी ठरते. दावा इतकाच की, दोन समाजांमधील जे धागे आजही शाबूत आहेत, त्यांतील बरेच स्त्रियांच्या हाती आहेत. या धाग्यांना संस्थेचे बळ द्यावयाचे की पुढच्या अफवेला ते तुटू द्यावयाचे, एवढा प्रश्न आपल्यापुढे आहे.

आता पुन्हा सण येतील, मिरवणुका निघतील, आणि ठाण्याठाण्यांतून शांतता समित्यांना आमंत्रणे जातील. त्या याद्या आजच उघडून पाहाव्यात, एवढी विनंती संबंधित अधिकाऱ्यांना आहे. ज्या नळावर दोन वस्त्यांच्या घागरी शेजारी शेजारी लागतात, तेथे जाऊन यादीतली उरलेली नावे लिहून घ्यावीत. त्या स्त्रियांना आभारप्रदर्शनासाठी बोलावू नये. सभेच्या कामकाजातील पहिल्या विषयापासून त्या तेथे बसलेल्या असाव्यात.